बाळाला हलवण्याआधी त्याच्या बापाला शोधा

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे हे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही टांझानियात म्वान्झाला मासळी-प्रक्रियेच्या कारखान्यात नोकरीला आहात. तुमच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या मामांच्या मुलीला (स्वाहिलीत मामा म्हणजे आई, यावरून आपली माणसं पहिल्या महिन्यात हमखास घोटाळे करतात) तीन महिन्यांपूर्वी मुलगा झाला. केस पिवळसर, कातडी गोरी, डोळे सारखे इकडून तिकडे हलतात. बाप महिनाभरातच गेइटाकडच्या सोन्याच्या खाणीवर निघून गेला. मुलगी कुठल्या म्झुंगूबरोबर, म्हणजे गोऱ्या परदेशी माणसाबरोबर, राहिली होती का, असं शेजारी उघडपणे विचारतात. गेल्या आठवड्यात दोन अनोळखी पुरुष बाळ ‘बघून’ गेले. हा आजार बरा होतो का, आणि खर्च तुम्ही उचलला तर बाळाला दार-ए-सलामच्या एखाद्या संस्थेत ठेवता येईल का, हे तुम्हाला विचारायचंय. शिवाय तुमच्या पत्नीला फेसबुकवर त्याचा फोटो टाकून मदत गोळा करायची आहे.

फोटो टाकू नका. बाकीचं सावकाश सांगते.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. उत्तर टांझानियात चौदा वर्षं काढली, त्यातली बरीचशी फिरत्या दवाखान्याच्या गाडीत. बाळाला मी पाहिलेलं नाही, तुमची वस्तीही मला माहीत नाही, आणि या विषयात वस्ती फार महत्त्वाची असते. किलिमांजारोजवळच्या मोशीत जे चालतं ते सरोवराकडच्या शिन्यांगात चालेलच असं नाही. तेव्हा जिथे परिस्थितीवर अवलंबून आहे तिथे तसं सांगेन.

आधी आजाराचं. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून हा अल्बिनिझम आहे. आपल्याकडचं कोड नव्हे. कोडात रंग आधी असतो आणि मग डाग पडत जातो. इथे मेलॅनिन हे रंगद्रव्य मुळातच फार कमी तयार होतं. ते बरं होत नाही, आणि त्यासाठी कुणी औषध विकत असेल तर त्याला दारातूनच वाटेला लावा. काही आफ्रिकी बाळं जन्मतः उजळ असतात आणि काही आठवड्यांत सावळी होतात, पण पिवळे केस आणि हलणारे डोळे तिसऱ्या महिन्यापर्यंत टिकले असतील तर शंकेला जागा फारशी उरत नाही. एकच गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारा: बाळाला सहज काळेनिळे डाग पडतात का, किंवा रक्त लवकर थांबत नाही का. अल्बिनिझमच्या काही दुर्मीळ प्रकारांत रक्ताचा दोष बरोबर येतो. बहुतेक मुलांना तो नसतो.

टांझानियात सुमारे १,४०० जन्मांमागे एक असं मूल जन्मतं. जगाची सरासरी १७,००० ते २०,००० मागे एक धरतात. या आकड्याचा अर्थ असा, की तिथल्या साधारण वीस माणसांतला एक जण हा गुण अंगात बाळगून हिंडत असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. असे दोघे एकत्र आले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता.

हे गणित मी तुमच्यासाठी सांगत नाही, बापासाठी सांगतेय. माझ्या अनुभवात अशा घराचं काय होणार हे बाप थांबतो की जातो यावर ठरतं. तो गेला की आईवरचा संशय खरा ठरल्यासारखा होतो, घरात पुरुष नाही हे सगळ्यांना कळतं, पैसा आटतो, आई बाळाला पाठीशी बांधून दिवसभर उन्हात मजुरी करते. मी दवाखान्यात एका बशीत घेवड्याचे दाणे ठेवायचे, काळे आणि पांढरे. आईच्या हातात एक काळा एक पांढरा, बापाच्या हातात एक काळा एक पांढरा. डोळे मिटून दोघांनी एकेक दाणा मधल्या वाटीत टाकायचा. तीनदा, चारदा, दहादा. कधीतरी दोन्ही पांढरे पडतात. त्या क्षणी मी काहीच बोलत नसे. बाप स्वतःच्या मुठीत उरलेल्या दाण्याकडे बघत राहायचा. पांढरा दाणा त्यानेही टाकलाय हे कळायला शाळा शिकलेली असावी लागत नाही. मूल म्झुंगूचं असतं तर ते मिश्र रंगाचं, काळ्या केसांचं झालं असतं, हे तसं एखादं मूल पाहिलेली शेजारीण मग आपणहून सांगते.

हे प्रत्येक वेळी साधतं असं नाही. काही बाप दाणे बशीत टाकून उठून गेले. पण बापाची आई, म्हणजे बाळाची बिबी, तयार झाली तर अर्धं काम होतं. तिथे आजीच्या शब्दाला जे वजन आहे ते डॉक्टरच्या शब्दाला नाही. म्हणून माझा पहिला सल्ला: ज्या पैशात तुम्ही संस्था शोधणार आहात, त्यातले थोडे गेइटाच्या बसभाड्याला द्या. बाळाच्या आईच्या भावाला किंवा आजोबांना पाठवून बापाला बोलवा. तुम्ही स्वतः जाऊ नका. परदेशी साहेब गाडी घेऊन आला की त्या मुलाची ‘किंमत’ वाढलीच.

आता त्या दोन अनोळखी माणसांबद्दल. हे सगळ्यात तातडीचं आहे, मी बापाचं आधी लिहिलं तरी.

तुम्हाला पार्श्वभूमी ठाऊक नसेल म्हणून सांगते. २००६-०७पासून व्हिक्टोरिया सरोवराच्या भोवतालच्या भागात, म्हणजे म्वान्झा, शिन्यांगा, गेइटा, कागेरा या पट्ट्यात, अल्बिनिझम असलेल्या लोकांचे खून आणि हातपाय तोडण्याचे प्रकार उघडकीला येऊ लागले. सोन्याच्या खाणीत शिरा लागावी, जाळ्यात मासे यावेत, निवडणूक जिंकावी यासाठी काही म्गांगा, म्हणजे वैदू-मांत्रिक, मानवी अवयवांचं ‘औषध’ सांगत. २००८मध्ये बीबीसीच्या पत्रकार व्हिकी न्तेतेमा यांनी गिऱ्हाईक बनून अशा मांत्रिकांना गाठलं आणि नंतर जिवाच्या भीतीने त्यांना काही काळ लपून राहावं लागलं. २०१५ सालापर्यंत एकट्या टांझानियात सत्तरहून अधिक खुनांची नोंद झाली होती. त्या वर्षी जानेवारीत सरकारने बिनपरवाना मांत्रिकांवर बंदी घातली. त्यानंतर हल्ले बरेच कमी झाले, संपले मात्र नाहीत. २०२४मध्ये कागेरातल्या मुलेबा भागातून अडीच वर्षांचं मूल आईच्या डोळ्यांदेखत पळवून मारलं गेलं. आरोपींमध्ये त्याचा बापही होता.

ते शेवटचं वाक्य वाचून तुम्ही म्हणाल, मग बापाला कशाला बोलवा? बरोबर आहे. म्हणूनच म्हणते, परिस्थितीवर अवलंबून. बाप नुसता लाजून पळालाय, की खाणीवर कर्जात बुडून भलत्या लोकांत वावरतोय, हे बाळाच्या आजोळच्या लोकांना कळतं, तुम्हा-मला नाही. त्यांना नीट विचारा. आजोळ जर ‘नको’ म्हणालं तर तो विषय तिथेच सोडा. पण एक लक्षात घ्या. असे गुन्हे बहुधा बाहेरचा माणूस एकटा करत नाही. घर कुठलं, बाळ कुठे झोपतं, कुत्रा आहे का, हे सांगणारं कुणीतरी ओळखीचं असतं. म्हणून जितकी माणसं बाळाच्या बाजूने उघडपणे उभी राहतील तितकं ते सुरक्षित. लपवलेलं मूल जास्त धोक्यात असतं, कारण ते नाहीसं झाल्याचंही कुणाला चटकन कळत नाही.

तर उद्याच्या उद्या मामांनी आपल्या बालोझीकडे जायचं. बालोझी म्हणजे दहा घरांमागे असलेला प्रमुख. या व्यवस्थेला शहरात लोक हसतात, पण कोण नवीन माणूस गल्लीत आला हे त्यालाच माहीत असतं. मग म्ताआच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, अध्यक्षाकडे, आणि त्याच्याबरोबर पोलिसांकडे. तोंडी सांगून परत यायचं नाही, नोंद करून घ्यायची. मुलांसाठीची देशव्यापी मदतवाहिनी ११६ आहे. जिल्ह्याच्या समाजकल्याण अधिकाऱ्याला कळवायचं. टांझानिया अल्बिनिझम सोसायटी ही अल्बिनिझम असलेल्या लोकांची स्वतःची संघटना आहे, १९७०च्या दशकाच्या अखेरीपासूनची. त्यांची माणसं हे सगळं स्वतः भोगलेली असल्याने त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

घराला भक्कम दार आणि आतून कडी आहे का बघा. नसेल तर ते करून द्या. तुमच्या पैशाचा हा मला दिसणारा सर्वांत चांगला उपयोग आहे.

आणि किंमत. तुम्ही प्रश्नात अवयवांच्या किमतीचा एक आकडा लिहिलाय. मी तो इथे परत लिहिणार नाही. असे आकडे वर्तमानपत्रांतून, अहवालांतून इतके फिरलेत की सरोवराकाठच्या बेकार पोराला तो भाव पाठ असतो. रस्त्यावर अल्बिनिझम असलेल्या माणसाला पाहून ‘दिली’ अशी हाक मारतात, इंग्रजी ‘डील’वरून. आपण आकडा सांगताना हळहळतो, ऐकणारा हिशेब करतो. तुमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत हा विषय निघाला तरी आकडा सांगू नका.

संस्थेचा प्रश्न. हल्ल्यांची लाट आली तेव्हा सरकारने अनेक मुलांना निवासी शाळांत आणि केंद्रांत हलवलं. त्या क्षणी ते योग्यच होतं, मुलं जगली. पण मी नंतर अशा एका केंद्रात सहा वर्षं तपासणीला जात होते. सुरुवातीला आया दर महिन्याला येत, मग सणाला, मग येईनाशा झाल्या. पाच वर्षांच्या मुलाला मोठं भावंड म्हणून सात वर्षांचं मूल सांभाळत होतं. तात्पुरती म्हणून केलेली सोय एखाद्या पिढीचं घर होऊन बसली. बाहेरच्या गावाला तर वाटलं, ही मुलं वेगळीच जमात आहेत, म्हणून कुंपणाआड ठेवलीत. तीन महिन्यांच्या अंगावर पिणाऱ्या बाळाला आईवेगळं करून दार-ए-सलामला पाठवायचं तर माझं उत्तर सरळ ‘नाही’ आहे. धोका खरोखरच गळ्याशी आला, म्हणजे पोलीस आणि अध्यक्ष दोघांनाही तसं वाटलं, तर आई आणि बाळ दोघांना मिळून हलवा. शहरातल्या दाट वस्तीतल्या नातेवाइकाकडे, आणि काही महिन्यांसाठी.

इथवर मी तुम्हाला माणसांबद्दल सांगितलं. पण माझ्याकडे आलेल्या शेकडो लोकांत सुऱ्याने जखमी झालेले मोजके होते. बाकीच्यांना उन्हाने गाठलं होतं. म्वान्झा विषुववृत्तापासून अडीच अंशांवर, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर, वर सरोवराच्या पाण्याची तिरीप. तिथे सकाळी दहाचं ऊन या मुलांना भाजतं. शाळेच्या वयात कातडी जाड, खरखरीत होते, विशीत कानावर, मानेवर, ओठावर न भरणारी खपली धरते. ती बहुतेकदा कर्करोगाची पहिली पायरी असते. तेव्हा आले तर नायट्रोजनने गोठवून किंवा भूल देऊन छोटासा तुकडा काढून भागतं. लोक येतात कधी? जखम फुलकोबीएवढी झाल्यावर, दोन वर्षं जांभळं औषध आणि पाला लावून झाल्यावर. काहींना बसमध्ये कुणी शेजारी बसू देत नाही म्हणून ते दवाखान्यात येत नाहीत. पूर्वग्रहाने माणूस मरतो तो असाही.

तुमच्या बाळाला यातलं काहीही व्हायलाच हवं असं नाही, कारण तुम्ही तिसऱ्या महिन्यात विचारताय. सहा महिन्यांपर्यंत मलम नको, सावली आणि कापड पुरेसं. आई बाळाला कांग्याने, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या कापडाने, पाठीशी बांधते तेव्हा एक कान, एक गाल आणि दोन पावलं बाहेर राहतात. तीच भाजतात. कांगा डोक्यावरून घ्यायचा, पायात मोजे, वर छत्री. पुढे मलम लागेल. मोशीच्या प्रादेशिक त्वचारोग प्रशिक्षण केंद्रात, जे १९९२ साली सुरू झालं, अल्बिनिझम असलेल्यांसाठीच ‘किलिसन’ नावाचं मलम बनतं. ते मुख्यतः दवाखान्यांतून आणि शिबिरांतून वाटलं जातं. तुम्ही मुंबईहून पिशवीभर ट्यूब आणाल तर आधी हे ऐका. मी पहिल्या वर्षी एका आईला चार ट्यूब दिल्या, कशी लावायची ते सांगितलं नाही. तिने ती रोज रात्री झोपताना लावली, औषध रात्रीच लावतात म्हणून. चूक माझी होती. मलम सकाळी, बाहेर पडण्याआधी, आणि दर दोन तासांनी परत. ते कधी ना कधी संपणार. रुंद काठाची टोपी संपत नाही. साधी क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडीच ठेवते, ती आणू नका. लांब बाह्यांचे सुती शर्ट मितुंबात, म्हणजे जुन्या कपड्यांच्या बाजारात, चहाच्या पैशात मिळतात.

डोळ्यांचं त्याहून लवकर बघा. डोळे नाचतात म्हणजे मूल आंधळं आहे किंवा त्याला झटके येतात असं लोक समजतात. दोन्ही खोटं. नजर कमीच राहील, चष्म्याने पूर्ण भरून निघणार नाही, पण वयाबरोबर ती विझत जात नाही. पहिल्या वर्षात उलट थोडी सुधारल्यासारखी वाटते. सहा महिन्यांचा झाला की म्वान्झाच्या बुगांडो रुग्णालयात डोळे तपासून घ्या. खरी अडचण शाळेत येते. फळ्यावरचं दिसत नाही, मास्तर त्याला मंद म्हणतात, मूल शाळा सोडतं, आणि शाळा सोडलेल्या मुलाला काम मिळतं ते शेतात. म्हणजे परत ऊन. पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवणं, मास्तरांनी लिहिताना मोठ्याने वाचणं, गणवेशाला लांब बाही आणि वर्गाबाहेर टोपीची परवानगी, परीक्षेत मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, या गोष्टी फुकटात होतात. पण कुणीतरी दर वर्षी नव्या मास्तरांना जाऊन सांगावं लागतं. तो कुणीतरी बाप असेल तर उत्तम.

लोकांशी बोलताना ‘झेरू झेरू’ हा अल्बिनिझम असलेल्यांना हिणवणारा शब्द वापरू नका. तो मीही वापरला आहे. आमच्या ड्रायव्हरकडून ऐकला, वाटलं हाच स्वाहिली शब्द. भरल्या खोलीत एका बाईला उद्देशून बोलले. तिने मान वर केली नाही, नुसतं म्हणाली, डॉक्टर, मी माणूस आहे. ‘म्तू म्वेन्ये उआल्बिनो’, अल्बिनिझम असलेला माणूस, असं म्हणायचं. लांब आहे, पण त्यात माणूस पहिला येतो. आपल्याकडे तरी काय, गावात असं मूल असलं की ‘भुऱ्या’ म्हणून मोकळे होतो आणि आईला ग्रहणात काय कापलंस ते विचारतो. त्यामुळे तुमच्या मंडळातल्या बायका ‘हे आफ्रिकन लोक असेच’ म्हणू लागल्या तर तुमच्या पत्नीने तेवढं तरी थांबवावं.

बिबीला काय सांगायचं, हा तुमच्यापुढचा अवघड भाग. तिला बहुधा वाटत असेल की हे मूल टिकत नाही, ही माणसं मरत नाहीत तर नाहीशी होतात. ती असं मानते कारण तिने अशी म्हातारी माणसं पाहिलीच नाहीत. लहानपणीच त्यांना लपवलं जात होतं किंवा ऊन त्यांना घेऊन जात होतं. तिला माणसं दाखवा. २००८मध्ये राष्ट्राध्यक्षांनी खासदार म्हणून नेमलेल्या अल-शायमा क्वेगीर, २०१०मध्ये लिंडीतून लोकांनी निवडून दिलेले सालुम खल्फानी बरवानी, शेजारच्या केनियात न्यायाधीश झालेल्या मुंबी न्गुगी. फोनवर त्यांचे फोटो दाखवा. त्याहून बरं, सोसायटीच्या म्वान्झातल्या कुणा पन्नाशीच्या बाईला घरी चहाला बोलवा. एका आजीने अशा बाईचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला होता, मग विचारलं, तुला मुलं किती? चार, काळीच, असं उत्तर आलं. आजी खूप वेळ हसत बसली. त्या दिवशी मला काही समजवावं लागलं नाही.

तुमच्या पत्नीला म्हणावं, पैसे जमवायचेच असतील तर ओळखीच्यांकडून, नाव, गाव, फोटो न देता. आणि मामांना बाळाच्या लसीकरणासाठी सुट्टी द्या, पगार न कापता. शेजाऱ्यांच्या नजरा टाळायला अशा आया केंद्रावर जातच नाहीत. पहिल्यांदा तुम्ही सोडायला जायचं ठरवाल, तर गाडी कोपऱ्यावर उभी करा. आत मामांनी जावं, मुलीला आणि नातवाला घेऊन, रांगेत.